शेवटी परतणाऱ्यानं

"पुठ्ठा पिवळाच हवा," मार्लिस म्हणाली. "आणि अक्षरं तळहाताएवढी. गाडीतला माणूस तीन सेकंद बघतो, त्याला काय तुझी कविता वाचायचीय?"

वर्नानं 'जुन्या सामानाची विक्री' एवढंच लिहिलं आणि खाली जाड काळा बाण काढला. घर विकलं गेलं होतं. सोमवारी किल्ली देऊन तिला डुलुथला बहिणीकडे जायचं होतं, आणि त्याआधी नवऱ्याचं, आर्विडचं, सगळं सामान अंगणातून जायला हवं होतं. तो गेल्यापासूनची अकरा वर्षं तिनं त्याच्या गळांकडे बघत कशी काढली, ते तिचं तिलाच ठाऊक.

शेजारीण मार्लिस दर उन्हाळ्यात अंगणात विक्री मांडायची. या कामात ती चांगलीच मुरलेली होती. पहिली पाटी तळ्याच्या धक्क्यावर, कारण शनिवारी सगळ्या होड्या तिथेच उतरतात. मग वळणावळणाला एक, आणि सहावी टपालपेटीपाशी. "मधलं एक वळण सुटलं की गिऱ्हाईक गेलंच समज. आणि काठ्या दणकट हव्यात बाई. वाऱ्यानं बाण फिरला तर लोक पीटरसनच्या गोठ्यात शिरतील."

दणकट काठ्या गॅरेजच्या छताखाली होत्या. सहा, टोकांना लाल रंग. त्या उतरवताना वर्नाचा हात थांबला, पण मार्लिस खिळे घेऊन उभी होती.

काठ्या आर्विडच्या. हिवाळ्यात तळं गोठलं की काठापासून बर्फावर उभारलेल्या आपल्या मासेमारीच्या खोपटीपर्यंत तो त्या रोवायचा, वादळात वाट सापडावी म्हणून. तळ्यावरचा रिवाज होता, की शेवटी परतणाऱ्यानं काठ्या उपटत यायचं. मागे माणूस असेल तर काठीला हात लावायचा नाही. आर्विड त्यांची मोळी लाल दोरीनं बांधायचा, दुहेरी गाठ मारून, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी टेकवायचा. "आलो गं," म्हणायचा, "तळं बंद केलं."

अकरा वर्षांपूर्वी मार्चमध्ये, हंगाम संपताना, तो गावात गेलाय असं समजून वर्नाच काठ्या काढून आली. सातवी खोपटीच्या दाराशी होती. वारा सुटला म्हणून ती तेवढ्या लांब गेली नाही. तो खोपटीतच होता. दुपारनंतर असं वादळ आलं की हातभर पुढचं दिसेना. पुढे तळं वितळलं, खोपटी सापडली, तो सापडला नाही. काठ्यांबद्दल तिला कोणी विचारलं नाही आणि तिनंही तोंड उघडलं नाही.

शनिवारी गर्दी झाली. गळ गेले, कंदील गेला. एक म्हातारा पैसे देताना म्हणाला, "धक्क्यावरची पाटी ओली झालीय तुमची."

"पाऊस कुठेय?"

"तेच म्हणतो मी. काठीला हात लावला तर गारठलाच की! ऑगस्टात!" तो हसला. वर्नाला हसू आलं नाही.

रविवारी दुपारी मार्लिस लिंबाच्या वड्या घेऊन आली. "धक्क्यावरची पाटी आत्ताच काढलीस? एवढी कसली घाई?"

"मी नाही काढली."

"मग नेली असेल कुणीतरी. लोक काय, फुकट मिळालं तर कुंपणसुद्धा नेतील."

तासाभरानं एक बाई कुरकुरत आली. चर्चपाशी पाटीच नाही म्हणून दोनदा चुकली होती. ही दुसरी. तळ्याकडूनच एकेक कमी होत होती, ओळीनं.

तिनं गाडी काढली.

धान्याच्या कोठाराशी तिसरी नव्हती. जमिनीत नुसतं भोक होतं, काठोकाठ पाण्यानं भरलेलं. वर पातळ पापुद्रा. तिनं बोट लावलं. तो कडकन फुटला.

ती वळली. पुलाजवळची चौथी येताना उभी होती. आता नव्हती.

शाळेपाशी पाचवी होती. वर्ना उतरली आणि तिनं ती काठी घट्ट धरली. ही उपटायची, टपालपेटीजवळची उपटायची, की वाट संपली. तिला भयंकर भीती वाटत होती. त्याहून जास्त लाज वाटत होती. पण माणूस मागे होता, आणि एकदा तिनं हेच केलं होतं.

तिनं हात सोडला.

घरी येऊन तिनं मार्लिसला परत पाठवलं. "चेहरा बघ जरा आरशात," मार्लिस म्हणाली, पण गेली.

वर्ना पुढच्या खोलीत बसली. खिडकीतून टपालपेटी दिसत होती. स्वच्छ ऊन होतं. तिनं पाटीवरची नजर हलवली नाही.

एकदाच तिची पापणी लवली.

पाटी नव्हती.

मागे लाकडावर लाकूड टेकल्याचा आवाज झाला.

ती स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. कडी काढली. पायरीवर पिवळे पुठ्ठे नीट रचून ठेवले होते. दाराशी मोळी होती. लाल दोरी, दुहेरी गाठ.

बाहेर येऊन, वाकून, तिनं काठ्या मोजल्या.

सात होत्या. सातवी काळी पडली होती, शेवाळलेली, आणि तिच्यातून पाणी गळत होतं.

तिच्या पाठीमागे, स्वयंपाकघरात, कोणीतरी खुर्चीवर बसून बूट काढत होतं.