कोटाच्या आत हात

व्हरमाँटच्या डोंगरात बर्फ असेपर्यंत असाहेल ट्विंग घरी बसून कॅनव्हासवर माणसांची नुसती धडं रंगवायचा. काळे कोट, काळे झगे, मानेच्या वर कोरी जागा. बर्फ वितळला की सगळी धडं घोडागाडीत भरायची, गावोगाव हिंडायचं, गिऱ्हाईक समोर बसवून वर तोंड काढून द्यायचं. धड ढेरपोटं निघालं तर तो म्हणायचा, "येत्या हिवाळ्यात अंग धराल." अडचण एकच. त्याला हात जमत नसत. बोटं काढायला गेलं की गाजरांची जुडी व्हायची. म्हणून पुरुषांचे हात कोटाच्या आत, बायकांचे शालीखाली.

यंदा तो गेल्या वर्षीच्याच वाटेने निघाला.

लॅथ्रप लोहाराने दार कोपराने उघडलं. हात कोटात. भट्टी थंड.

"दुखतायत का?" असाहेलने विचारलं.

"छे. त्यांना बाहेर यावंसं वाटत नाही," लोहार म्हणाला, पावसापाण्याचं बोलावं तसं.

पुढच्या घरी पाद्रीबुवा आणि त्यांची बायको मक्याची लापशी ताटलीत तोंड घालून खात होते. अगदी नीटनेटकेपणाने. मागे भिंतीवर दोघांची चित्रं. पाहुण्याने वेगळं दिसू नये म्हणून असाहेलनेही वाकूनच खाल्ली.

मग मात्र त्याने घोडा पिटाळला. पुढचं घर केटुराचं होतं. गेल्या वर्षी तिचं चित्र काढता काढताच दोघांचं लग्न ठरलं होतं.

केटुरा शाल घट्ट लपेटून बसली होती. वर्षभर तिने पाव मळला नव्हता. तिची आई, मिसेस बिक्सबी, म्हणाली की जावई रंग फासत हिंडतो नि लेक शाल सोडत नाही, संसार झकास होणार.

आई आत गेल्यावर केटुरा म्हणाली, "असाहेल, मला माझे हात कसे होते ते आठवत नाही रे."

त्याने भिंतीवरचं तिचं चित्र खाली उतरवलं आणि शेगडीत घातलं. केटुरा आत आईकडे गेली. गाडीतलं सर्वांत चांगलं धड आणून खिडकीपाशी लावलं. स्वतःचा डावा हात समोर धरून तो रंगवू लागला. गाजरं झाली, पुसली. पुन्हा झाली, पुन्हा पुसली. नखं, पेरं, तिच्या अंगठ्यावरचा भाजल्याचा डाग.

उन्हं कलली तेव्हा चित्रातल्या मांडीवर दोन हात टेकले होते. काहीही उचलू शकतील असे.

स्वयंपाकघरातून पीठ मळल्याचे धपाधप आवाज आले. आई हसली.

असाहेलने डोळे पुसले, कुंचला धुतला. उजेड सरत आला होता. तोंड नेहमीप्रमाणे शेवटी. आता उद्या.

स्वयंपाकघराचं दार अर्धवट उघडं होतं. केटुरा त्याच्याकडे पाठ करून टेबलाशी उभी होती, ॲप्रनची गाठ पाठीवर, हात पिठात. टेबलापलीकडे, तिच्या अगदी समोर, आई ताटल्या पुसत होती.

"मी बोलतेय ना, पोरी," आई म्हणाली. "इकडे तोंड कर."

धपाधप थांबली.

केटुराने पिठाचे हात हळूच वर नेले. ते मानेच्या वर बराच वेळ काहीतरी चाचपत राहिले.