शेडमधलं लाकडी विमान

ही गोष्ट रात्रीची नाही. भर दुपारची आहे. साल २००५, मे महिना. जागा खराडी, नदीच्या अंगाला. मी स्वतः तिथे होते, त्यामुळे ऐकीव म्हणून सोडून देऊ नका. आणि जेवायला बसला असाल तर आधी जेवून घ्या.

माझं नाव उत्कर्षा. तेव्हा मी एका आयटी कंपनीत टेस्टिंगला होते. माझा मामेभाऊ शंभूदादा शनिवार पेठेत राहायचा, मामीबरोबर. त्याला एकच वेड होतं. जुनी लष्करी विमानं.

उडणारी नव्हेत. मोडीत निघालेली.

कुठलं विमान कॉलेजच्या आवारात उभं आहे, कुठलं भंगारात गेलं, कुठल्याचा फक्त पंख उरलाय, हे तो शोधत फिरायचा. फोटो काढून त्याच वेडाच्या लोकांच्या ई-मेल ग्रुपवर टाकायचा. मलाही त्यातलं थोडं लागलं होतं. शिवाय माझ्याकडे स्कूटी होती, म्हणून त्याला मी लागायचे.

एका रविवारी सकाळी मामीच्या हातचे कांदेपोहे खाऊन आम्ही निघालो. खराडीत कुणाच्या तरी शेडमध्ये व्हॅम्पायर आहे, असं दादाला कळलं होतं. व्हॅम्पायर हे त्या विमानाचं नाव. हसू नका, मीही हसले होते. जुनं जेट आहे ते. त्याचा पुढचा भाग, वैमानिक बसतात तो, लाकडाचा असतो.

"लाकूड कुजतं," दादा म्हणाला. "त्यामुळे धड उरलेलं तोंड मिळणं म्हणजे लॉटरी."

शेडचे मालक कोंडीरामकाका. शेती आयटी पार्कला गेलेली. नवा बंगला, ग्रॅनाइटच्या पायऱ्या, दारात मोठी गाडी. मागे मात्र जुनी पत्र्याची शेड आणि गोठा तसाच.

"वडलांनी भंगार म्हनून घेतलं हुतं," काका म्हणाले. "पत्रा इकला. हे लाकडाचं कुनी घेईना. आता बिल्डरला शेड मोकळी करून पायजे. न्यायचं तर न्या."

त्यांच्या बायकोने, वेणूबाईंनी, चहा दिला. कप माझ्या हातात देताना हळूच म्हणाल्या, "भायेरनं बघा. आत बसू नगा."

"का हो मावशी?"

"घान हाय आत."

शेडचं दार उघडलं आणि मी ओढणी नाकाला लावली.

उन्हात विसरलेला डबा उघडल्यावर येतो, तसा वास. आंबट आणि गोडसर.

शेजारच्या गोठ्यात माशा घोंगावत होत्या. शेडमध्ये मात्र...

एकही माशी नव्हती.

कोळिष्टक नव्हतं. उंदराची लेंडीही नव्हती. इतक्या वर्षांच्या अडगळीत काहीच जिवंत शिरलेलं दिसत नव्हतं.

मधोमध ते तोंड पडलं होतं. भल्यामोठ्या अंड्यासारखं. शेपूट गेलेलं, म्हणजे त्यावरचा नंबर गेला. ते विमान कुठलं, त्यात कोण बसायचं, हे कधीच कळणार नव्हतं. दादाला त्याची फिकीर नव्हती. त्याने वरची काच उचलली. काचेला आतून पिवळट, चिकट थर होता. त्याची बोटं तिला चिकटली आणि सुटताना चट्‌ असा आवाज आला.

आत दोन सीट. शेजारी शेजारी.

उजव्या सीटवर ऑक्सिजनचा रबरी मास्क लोंबत होता. मी तो उलटा करून पाहिला. कोरडा, तडकलेला. हे मी मुद्दाम सांगते आहे. तो कोरडा होता.

दादा डाव्या सीटवर बसला.

"उत्कर्षा, फोटो काढ."

मी कॅमेरा डोळ्याला लावला. तेवढ्यात...

कुणीतरी ओकारी काढल्यासारखा आवाज झाला.

"दादा?"

"मी नाही," तो म्हणाला.

पुन्हा तोच आवाज. पोटातून, ओढून काढलेला. उजव्या सीटवरून.

तिथे कुणी नव्हतं. मास्क तेवढा एकदा फुगला... आणि त्याच्या कडेतून काहीतरी ओघळलं.

मी वाकून पाहिलं. आत पोहे होते. चावलेले, पिवळे. कांदा. अर्धा शेंगदाणा. त्यातून वाफ येत होती.

मी मागे सरकले ती थेट दाराला आपटले. दादा उतरून बाहेर आला. घाबरलेला वाटला नाही. गोंधळलेला वाटला.

"मला भूक लागलीय," तो म्हणाला. "काही खाल्लंच नाही असं वाटतंय."

त्यानंतरच्या दिवसांत दादा उतरत गेला. डोळ्यांसमोर. खायचा दुप्पट, पोट मात्र पाठीला लागलेलं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. रिपोर्ट चांगले आले. उलटी नाही, जुलाब नाही. अन्न जात होतं कुठे, ते कुणालाच सांगता येईना.

मी म्हटलं, "ते विमान सोडून दे."

"सोडून देऊ? असं तोंड पुन्हा मिळायचं नाही. ग्रुपवर लोक वेडे झालेत. एका संग्रहालयाने विचारणा केली आहे. वजन काय, वाढेल परत."

बोलताना त्याच्या गालांची हाडं हलताना दिसत होती.

पुढच्या रविवारी मामीने आमरस केला होता. मीही जेवायला होते. दादा वाटीमागून वाटी संपवत होता, बोटाने पुसून. बघवत नव्हतं. माझा मोबाइल वाजला. वेणूबाई होत्या. त्या दिवशी निघताना मी त्यांना नंबर दिला होता.

"पोरी, तुमी इचारलं हुतं म्हनून सांगते. त्या इमानात रोज कायतरी आसतंय. काल वरनभात हुता. आज पिवळं हाय. आंब्याचा वास येतोय. खाली सांडाया लागलंय."

मी फोन ठेवला. दादाने विचारलं, "काय झालं?"

मी सांगितलं. जसं ऐकलं तसं.

दादाने वाटीकडे पाहिलं. मग पिवळ्या बोटाकडे.

मामी पळी हातात धरून उभ्या होत्या. त्या इतकंच म्हणाल्या, "मग मी रोज वाढते कुणाला?"

दादाने वाटी दूर सारली. मग म्हणाला, "जाळायला सांग त्यांना."

आयुष्यात त्याने एकही विमान मोडू दिलं नव्हतं. हे सांगताना तो भिंतीकडे तोंड करून बसला होता.

मी लगेच खराडीला गेले. त्याला जिना उतरवत नव्हता. काकांनी बांधकामावरच्या चार माणसांना बोलावलं, ट्रॅक्टरने ते तोंड मोकळ्या रानात ओढलं आणि डिझेल ओतलं. ऊन अजून होतं. लाकडाने पटकन पेट घेतला.

मी ओढणी नाकाला लावून उभी राहिले. मला वाटलं, आता ती घाण हवेत पसरणार.

पण वास आला तो...

चांगला आला.

खमंग. तुपात काहीतरी परतल्यासारखा. कशाचा ते ओळखू येईना. माणसं बोलायची थांबली. एकेक पाऊल आगीजवळ सरकायला लागली. कोंडीरामकाका उकिडवे बसले आणि जिभेने ओठ पुसायला लागले.

"वास लई झ्याक येतोय," ते म्हणाले.

वेणूबाई पदर तोंडात कोंबून घरात पळाल्या.

आणि मी? काय जळतंय ते मला ठाऊक होतं. मास्क मी स्वतः पाहिला होता. तरी माझ्या तोंडाला पाणी सुटलं. ओढणी भिजली. इतकी किळस मला त्या मास्कची आली नव्हती, जितकी तेव्हा स्वतःची आली. मी वळले, स्कूटीपर्यंत चालत गेले आणि रस्त्याच्या कडेला थुंकत राहिले.

त्या रात्री दादा अर्धी भाकरी खाऊन झोपला. सकाळी म्हणाला, पोट भरलंय. महिन्याभरात अंगावर मांस आलं. विमानं तो अजून शोधतो. बाहेरूनच बघतो, आत बसत नाही.

इथे संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं.

आग विझली त्याच्या दुसऱ्या दिवशी वेणूबाईंचा फोन आला. आवाज अगदी बारीक. पहाटे काका अंथरुणात नव्हते. त्या शोधत रानात गेल्या. काका राखेपाशी बसले होते. हात कोपरापर्यंत काळे. ओठ काळे. दात काळे.

"हाक मारली तर वर बघितलं न्हाई," त्या म्हणाल्या. "बोटं चाटत हुते."

मग त्यांनी विचारलं, "पोरी, तू न्हाई न्हवं काय खाल्लंस तितलं?"

"नाही मावशी," मी म्हणाले.

खरंच नव्हतं खाल्लं. शपथेवर सांगते.

पण त्या राखेबद्दल सांगत होत्या, तेव्हा...

मी आवंढा गिळला. आणि त्याला चव होती.