तबकडीतली आत्या

मुलांनो, घटकाभर असं समजा की तुमचं घर मंगळावर आहे. खिडकीबाहेर तांबूस माती, तिच्यावर फिकट आभाळ. बाहेर पाऊल टाकायचं तर जाड पोशाख चढवावा लागतो. घरात मात्र पोळपाट-लाटणं आहे, आईची हाक आहे, अभ्यासाची कटकटही आहे.

आता आणखी एक गोष्ट समजा. पृथ्वी सोडताना प्रत्येक कुटुंबाला आठवणींसाठी एकच काचेची तबकडी नेता येत होती. घरातले सगळे वाढदिवस, सहली, रुसवेफुगवे त्या तळहाताएवढ्या तबकडीत बसवायचे. तुम्ही ते कसे बसवले असते? लगेच उत्तर देऊ नका. आधी गार्गीने काय केलं ते ऐका.

गार्गी साळोखे तेरा वर्षांची होती. तिच्या धाकट्या भावाचा, मल्हारचा, चौथा वाढदिवस होता. मंगळावर येऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते. केक झाला, ओवाळून झालं, आणि बाबा म्हणाले, "चला, गार्गीची तबकडी लावू या. आपलं मिरजेचं घर बघू."

भिंतीवर चित्र उमटलं. मल्हारचा दुसरा वाढदिवस. पुढे मल्हार केकमध्ये हात बुडवतोय, आई त्याला आवरतेय, आणि मागे स्वयंपाकघरात कुमुदआत्या पोळ्या लाटतेय. कुमुदआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आईबाबा दोघंही कामाला जात, त्यामुळे गार्गी आणि मल्हार तिच्याच कडेवर वाढले होते. तिचं वय झालं होतं, प्रवास झेपणार नव्हता, म्हणून ती मिरजेतच राहिली.

मल्हारने भिंतीकडे बोट केलं. "ही कोण?"

"अरे लब्बाडा!" आई हसली. "आत्या ना ती!"

"नाही," मल्हार म्हणाला आणि आपल्या गाडीशी खेळायला लागला.

"विसरला बघ. लहान आहे," बाबा म्हणाले.

गार्गी हसली नाही. ती त्या मागच्या बाईकडे बघत राहिली. साडी आत्याचीच, अंबाडाही तसाच. पण काहीतरी चुकत होतं. मग तिच्या लक्षात आलं. आवाज नव्हता. प्रत्येक पोळी लाटण्याआधी आत्या लाटणं पोळपाटावर दोनदा आपटायची. टक् टक्. तो आवाज ऐकला की मल्हार कुठेही असला तरी धावत यायचा, कारण पहिली चिमुकली पोळी तूपसाखर लावून त्याला मिळायची. भिंतीवरची बाई न आपटता लाटत होती.

आणि तिचा उजवा हात पुढे होता.

"बाबा, आत्या कुठल्या हाताने लाटते?"

"हे काय विचारणं झालं? उजव्याच की."

"आई?"

"उजव्याच असेल गं. मी कधी बघितलं नाही."

आत्या डावखुरी होती. तिचा सख्खा भाऊ तिच्याबरोबर लहानाचा मोठा झाला होता, आणि त्याला ते ठाऊक नव्हतं.

आता थोडं मागे जाऊ. तबकडी बनवायचं काम बाबांनी गार्गीवर सोपवलं होतं. "तुला यातलं कळतं. सॉफ्टवेअर तूच निवड," ते म्हणाले होते. तिच्यापुढे दोन होती. पहिलं अगदी साधं. ते चित्रफिती जशाच्या तशा तबकडीवर उतरवायचं, पण एका तबकडीत थोड्याच मावायच्या. कुठली ठेवायची, कुठली सोडायची, हे एकेक बघून स्वतः ठरवायला लागायचं. दुसऱ्याचं नाव होतं 'नवलवेच'. ते सगळी वर्षं एका तबकडीत बसवून देत होतं. शिवाय त्याचं पहिलं पान किती सुरेख! झुलता झोपाळा, त्यावर घरच्यांचे चेहरे. चेहऱ्यावर बोट ठेवलं की त्या माणसाच्या आठवणी सुरू.

गार्गीने नवलवेच निवडलं. झोपाळ्यावर चार चेहरे आले: आई, बाबा, गार्गी, मल्हार. आत्याचा आला नाही. पाचवा चेहरा घालायला बरीच खटपट होती.

"राहू दे गं," आत्या म्हणाली. "झोपाळा मोडेल माझ्या वजनाने. मी आहे ना पण त्यात?"

"आहेस ना! प्रत्येक चित्रफितीत मागे तूच आहेस."

शेवटी सॉफ्टवेअरने विचारलं, मूळ चित्रफिती काढून टाकायच्या का? घर आवरायचं होतं, संगणक कुणाला तरी द्यायचा होता. गार्गीने 'हो' म्हटलं.

वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी ती तबकडी घेऊन मुजावर मॅडमकडे गेली. डॉ. नाझनीन मुजावर वसाहतीतल्या संदेश केंद्राच्या प्रमुख होत्या. चित्रं कशी साठवायची आणि कशी पाठवायची, हाच त्यांचा विषय. बाबाही बरोबर गेले. गार्गीने भिंतीवर काय दिसलं ते सगळं सांगितलं.

"तुझ्या मैत्रिणीने रोज येऊन सांगितलं, 'आज सूर्य पूर्वेला उगवला', तर तू काय म्हणशील?" मॅडमनी विचारलं.

"म्हणेन, डोकं नको खाऊ."

"बरोबर. ते तुला न सांगताही माहीत असतं. पण ती म्हणाली, 'आज शाळेत अस्वल आलं', तर तू कान देशील. नवलवेच तेच करतं. त्याच्याकडे एक नमुना असतो. लाखो घरांतल्या चित्रफिती बघून त्याने ठरवलेलं असतं की स्वयंपाकघर साधारण कसं असतं, बाई पोळी साधारण कशी लाटते. नमुन्याहून फार वेगळं जे घडेल, म्हणजे नवल, तेवढंच ते तबकडीवर लिहितं. बाकीचं फेकून देतं. तबकडी लावली की ती जागा नमुन्यातून भरून काढतं."

"म्हणजे भिंतीवरची ती बाई कोण आहे?" गार्गीने विचारलं.

"कुणीच नाही. साधारण आत्या."

"अहो, पण डावा हात नमुन्याहून वेगळाच झाला ना?" बाबा म्हणाले.

"झाला. पण कोपऱ्यात, लहानसा आणि नेहमीचा. किती नवल ठेवायचं, हे ठरवायला पडद्यावर एक फिरवायची चकती असते. ती कमी केली की असे बारीक फरक गळतात. चकती कुणी फिरवली होती?"

"मी," गार्गी म्हणाली. "सगळं मावेपर्यंत फिरवत गेले. पण आत्या तर रोज तसंच करायची!"

"म्हणूनच," मॅडम हलकेच म्हणाल्या.

"परत आणता येईल?"

"नाही, बेटा. जे लिहिलंच नाही, ते शोधणार कुठे?"

बाबा घाईने म्हणाले, "पण ताईचे निरोप येतात की दर आठवड्याला! त्यात ती दिसते, हसते."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "पृथ्वीपासूनची वाट लांब आणि अरुंद आहे. निरोपही याच पद्धतीने येतात. शब्द सगळे त्यांचेच असतात. हसण्याचं मात्र मी सांगू शकत नाही. माझ्या अम्मीची अशीच एक तबकडी आहे माझ्याकडे. मी ती लावत नाही."

परतताना बाबा एकदाच म्हणाले, "मलाही माहीत असायला हवं होतं." गार्गीला मात्र मिरजेहून निघायच्या आदली संध्याकाळ आठवत होती. तबकडी सगळ्यांनी मिळून पाहिली होती. आत्या शेवटपर्यंत बघत बसली, एकदाही काही बोलली नाही. संपल्यावर म्हणाली, "छान झालंय हो. स्वयंपाकघर किती नीटनेटकं दिसतंय." आणि मांडीवरचा डावा हात तिने पदराखाली घेतला होता.

आत्याला तेव्हाच कळलं होतं. गार्गी हौसेने आणि अभिमानाने सगळ्यांकडे बघत होती, म्हणून आत्या बोलली नव्हती.

मॅडमकडून परतल्यावर त्या संध्याकाळी आईने कणीक भिजवली. गार्गी ओट्यापाशी गेली. "आज मी लाटते."

"तू? बरं, लाट. नकाशे होऊ देत."

गार्गीने कॅमेरा लावला नाही. तिने लाटणं घेतलं आणि उजव्या हाताऐवजी डावा हात पुढे केला. हात वळेना. तिने डोळे मिटले, आत्याचा खांदा कसा हलायचा ते आठवून पाहिलं. मग लाटणं पोळपाटावर आपटलं. टक् टक्.

खोलीत चाललेली गाडीची घरघर थांबली. मल्हार धावत आला, ओट्याशी उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला.

गार्गीने पहिली पोळी लाटली. ती चिमुकली आणि वाकडी झाली. भाजून तिला तूपसाखर लावली, मल्हारला दिली, आणि कणकेचा दुसरा उंडा डाव्या हातात घेतला.