दुसरी दशमी

उन्नतीचा नवा लॅपटॉप घरात आल्यावर तिसऱ्याच दिवशी बंद पडला. ती टेबलाशी बसून काम करत होती. पडदा काळा झाला, आतल्या पंख्याची घरघर थांबली. पाच मिनिटांनी बटण दाबलं तर काही घडलंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू झाला.

"नवी वस्तू आहे, रुळेल," मी म्हणालो. "नवी होडीही पहिले काही दिवस पाणी घेते. मग लाकूड फुगतं आणि सांधे बसतात."

"आजोबा, ही काय होडी हाय?" उन्नती हसली.

उन्नती माझ्या मुलाची, प्रतापची मुलगी. पालघरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकली. तारापूरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत जागा निघाली होती आणि निवडीची मुलाखत महिनाभराने लॅपटॉपवरूनच व्हायची होती. अर्धा तास प्रश्न, नंतर अर्धा तास आकडेवारीचं काम, तेही त्यांच्या डोळ्यांसमोर. तिची आई कुंभवलीच्या कारखान्यात पॅकिंगला दिवसभर उभी असते. संध्याकाळी दातिवऱ्याला घरी पोचल्यावर आधी पाय गरम पाण्यात घालते. उन्नतीला तिथे उभं राहायचं नव्हतं. घरात कोणी हे बोलत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

लॅपटॉप रोज बंद पडू लागला. प्रतापने प्लगचा बोर्ड बदलला, घराच्या अर्थिंगची तार नवी घातली. उन्नतीने मोबाइलवर बघून काय काय करून पाहिलं. चार्जर काढून चालवला, बॅटरी पूर्ण उतरवली, खाली लाकडी पट्ट्या ठेवून वारा दिला. फरक पडला नाही. शेवटी मी आणि ती सफाळ्याहून बोईसरला गेलो आणि स्टेशनजवळ प्रणवच्या दुकानात तो देऊन आलो.

चार दिवसांनी परत गेलो तेव्हा प्रणव पोर गोंधळलेला दिसला.

"काका, चार दिवस रात्रंदिवस चालू ठेवला. रॅम काढून साफ केली, विंडोज नवीन टाकली, गरम होतो का बघितलं. सब ठीक. तरी बंद पडतो. दिवसातून बरोब्बर दोनदा."

"दोनदाच?"

"दोनदाच. हे बघा, मशीनच स्वतःची नोंद ठेवतं." त्याने पडद्यावर एक यादी काढली. "प्रत्येक वेळी लिहिलंय, वीज एकाएकी गेली. पण वीज गेलीच नाय. मशीनला वाटतं कोणीतरी वायर उपटली."

"मला वाचू दे."

मी चष्मा लावला. चाळिशी उलटल्यावर अक्षरं शिकलो. शाळेत साक्षरतेचा वर्ग भरायचा, तिथे. म्हणून अजून वाचताना बोट ठेवावं लागतं. पडद्यावर बोट ठेवून मी दिवसाच्या वेळा वाचल्या. पहिल्या दिवशी पावणेदहा. दुसऱ्या दिवशी साडेदहा. मग सव्वाअकरा. मग बारा.

मी बोट काढून घेतलं. काचेवर बोटाचा ठसा उमटला होता. प्रणवने तो फडक्याने पुसला.

"काय झालं काका?"

"काही नाही."

आमच्या किनाऱ्यावर हे मूलही सांगेल. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी संपून पाणी फिरतं. पंचमीला पावणेदहा. अष्टमीला बारा. रोज पाऊण तास पुढे, दिवसातून दोनदा. बोईसरच्या त्या दुकानातून समुद्र दिसत नाही, वासही येत नाही. रासायनिक धुराचा वास तेवढा येतो.

"कंपनीकडे पाठवू?" प्रणव म्हणाला. "वीस-पंचवीस दिवस लागतील. नायतर मुलाखत माझ्या दुकानातून दे ना, ताई. आतली खोली रिकामी हाय. माझं मशीन भरवशाचं हाय."

उन्नतीने माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी मान डोलवायला हवी होती.

"गरज नाही," मी म्हणालो. "कधी बंद पडणार ते मला कळलंय. मी वेळ सांगत जाईन."

त्या दिवसापासून घरात गंमतच झाली. मच्छीमार सोसायटीच्या कॅलेंडरवर मी रोजच्या तिथीखाली पेन्सिलने वेळ लिहू लागलो. त्या वेळेच्या आधी उन्नती लॅपटॉप बंद करी, पंधरा मिनिटांनी उघडी. एकदाही तो मधेच बंद पडला नाही. शेजारची शकू विचारायला आली, "कमळाभाऊ, आमचा मिक्सर कोणत्या तिथीला चालंल?" प्रताप म्हणाला, "बाबांनी मशीनला ओहोटी शिकवली." मीही हसलो. खरं सांगायचं तर मला अभिमान वाटत होता. चाळीस वर्षांनी पाण्याचा माझा हिशेब कोणीतरी विश्वासाने विचारत होतं.

चाळीस वर्षांपूर्वी तो जयवंती विचारायची.

जयवंती माझी बायको. हिवाळ्यात ओहोटीला बाया मोठ्या खडकावर कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, फोडायला जायच्या. किनारा आणि खडक यांच्यामध्ये एक घळ आहे. पाणी फिरलं की आधी ती भरते. खडक मागाहून बुडतो. त्यामुळे खडकावर बसलेल्या माणसाला पाठीमागे काय चाललंय ते कळत नाही. त्या माघात मी अकरा दिवस तापाने अंथरुणाला खिळून होतो. समुद्र पाहिला नव्हता. जयवंती पाटी आणि कालवं फोडायचं टोकदार लोखंड घेऊन दारात उभी राहिली.

"अवो, पाणी कदी फिरंल?"

मी पौर्णिमेपासून बोटांवर दिवस मोजले. बारा झाले. द्वादशी.

"तीनला."

"बाया म्हणतात, उशीर झाला. कोण येत नाय."

"बायांना काय कळतं?"

"तुमचा हिशेब चुकत नाय," ती म्हणाली. दारातून वळून पुन्हा एकदा विचारलं, "येळ हाय ना?"

"हाय, हाय. निवांत जा."

त्या पंधरवड्यात दशमी दोन दिवस होती. माझ्या उशाशी भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यात ते छापलेलं होतं. मला वाचता येत नव्हतं आणि विचारायची लाज वाटत होती. म्हणून दिवस बारा झाले, तरी त्या दिवशी एकादशीच होती. पाणी सव्वादोनला फिरलं. प्रताप तेव्हा सात वर्षांचा होता.

पाटी मिळाली. लोखंडही मिळालं, खडकाच्या फटीत खोचून ठेवलेलं. ते अजून ओटीच्या भिंतीला टांगलेलं आहे. मी वर्गात जाऊन अक्षरं शिकलो ती पोथी वाचायला नव्हे. मला कॅलेंडर वाचायचं होतं.

मुलाखतीची तारीख आली. अडीच ते साडेतीन. मी कॅलेंडर पाहिलं आणि खाली बसलो. वद्य पक्ष होता, आणि दशमी दोन चौकटींत छापली होती. मुलाखतीच्या दिवशी एकादशी.

असं वर्षातून कितीदा तरी होतं. मी स्वतःला तेच सांगितलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं, मग प्रतापकडून वाचून घेतलं. एकादशी, सव्वादोन. म्हणजे सव्वादोनला लॅपटॉप बंद ठेवायचा, अडीचला उघडायचा, पुढे मध्यरात्रीनंतरपर्यंत धोका नाही.

दुसऱ्या दशमीला उन्नती दाखल्यांसाठी दिवसभर पालघरला होती. लॅपटॉप उघडलाच नाही. उघडला असता तर त्या दिवशीच मला कळलं असतं.

मुलाखतीच्या दिवशी घरात आम्ही दोघंच होतो. उन्नतीने केस घट्ट बांधले होते.

"सव्वादोन नक्की ना, आजोबा?"

"नक्की."

"मग आज बंद करत नाय. पडू दे सव्वादोनला, मी लगेच चालू करते. डोळ्यांनी बघितलं की डोक्याला ताप नाय."

आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो. सव्वादोन झाले. दोन वीस झाले. लॅपटॉप चालूच होता.

"आज सुटका!" उन्नती म्हणाली. "तुमचा हिशेब चुकला एकदाचा."

अडीचला कोणी समिधा मॅडम पडद्यावर आल्या. मी ओटीवर येऊन बसलो. आतून उन्नतीचा आवाज येत होता, न अडखळता. मला बरं वाटत होतं, आणि तरी हात स्वस्थ नव्हते. नकळत मी बोटांवर पौर्णिमेपासून दिवस मोजत होतो. जुन्या सवयीने, कॅलेंडर न पाहता.

बारा झाले.

मी पुन्हा मोजले. बारा.

घड्याळात दोन चाळीस झाले होते. लॅपटॉप पाण्याच्या हिशेबाने चालत नव्हता. माझ्या बोटांवरच्या, चुकीच्या हिशेबाने चालत होता.

मी उठून दारात गेलो. उन्नतीने माझ्याकडे न बघता टेबलाखालून हात हलवला. जा, आत येऊ नका. ती फार छान बोलत होती. मी एक वाक्य बोलायचं होतं. पोरी, त्यांना सांग, मशीन तीनला बंद पडेल. पण मग तिने विचारलं असतं, तुम्ही तर सव्वादोन म्हणाला होता. काय सांगणार होतो मी?

मी ओटीवर परत आलो.

वीस मिनिटं होती माझ्यापाशी. मी ती बसून काढली.

तीनला आतला आवाज थांबला.

"आजोबा!" उन्नती ओरडली.

या वेळी बटण दाबून लॅपटॉप सुरू झाला नाही. मोबाइलला रेंज नव्हती. ती शकूच्या ओट्यापर्यंत पळाली, परत आली, बटण दाबत राहिली. मी ओटीवरच बसून होतो. घरात दुसरा कसलाही आवाज नव्हता. हे मी शपथेवर सांगतो. चारला लॅपटॉप आपणहून सुरू झाला.

जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. उन्नतीने पुन्हा संधी द्या म्हणून विनंती केली, तेव्हा समिधा मॅडमचा फोन आला. बाई चांगल्या होत्या.

"तुझं चित्र गेलं, पण आवाज येत होता गं," त्या म्हणाल्या. "आम्ही बराच वेळ थांबलो. घरात काम चाललं होतं का? कोणीतरी ठोकत होतं. हाका मारल्या तर कोणी उत्तर देईना." मुलाखतीचं रेकॉर्डिंग होतं. त्यातला तेवढा तुकडा त्यांनी पाठवून दिला.

उन्नतीने मोबाइल टेबलावर ठेवला आणि मला बोलावलं. "ऐका आजोबा. आपल्याकडे कोण काय फोडत होतं?"

टक्. टक्. मग थोडी शांतता. पुन्हा टक्. टक्. मग काहीतरी लहानसं पाटीत पडल्याचा आवाज.

लोखंड दोनदा मारायचं, शिंपला उघडायचा, मांस काढून पाटीत टाकायचं. बायांचा हात एकसारखा चालत नाही. प्रत्येकीची लय वेगळी असते. ही लय मी ओळखली.

मागे पाणी खडकाला लागल्याचा आवाज होता. आधी लांब. मग तितकं लांब नाही.

"समुद्राचा आवाज आपल्या खोलीपर्यंत येतो का?" उन्नतीने विचारलं.

ठोकणं थांबलं.

एका बाईने विचारलं, अगदी सहज, "येळ हाय ना?"

"ही कोण?" उन्नती म्हणाली.

मी मोबाइल बंद करायला हात पुढे केला, पण मला ते बटण सापडेना. तेवढ्यात पुरुषाच्या आवाजात उत्तर आलं.

"हाय, हाय. निवांत जा."

तुकडा तिथेच संपत नाही. पुढे टक् टक् पुन्हा सुरू होतं, सहा-सात मिनिटं.

उन्नती आता आईबरोबर कुंभवलीला जाते. पहाटे दोघी जेवणाचे डबे घेऊन निघतात. ती मला कधी काही बोलली नाही. "जाऊ दे, आजोबा," एवढंच म्हणाली. लॅपटॉप कपाटात आहे. पेन्सिलने लिहिलेल्या वेळा मी खोडल्या.

त्या बाईचा आवाज तिने नंतर प्रतापला ऐकवला. त्याला ओळखता आला नाही. सात वर्षांच्या पोराच्या काय लक्षात राहणार? पुरुषाचा आवाज मात्र त्याने लगेच ओळखला. माझ्याकडे बघत म्हणाला, "बाबा, हे तुमी. पण आवाज दात असतानाचा हाय. तुमचे दात तर कधीच गेले."