जुळ्याच्या गळ्यातलं शून्य

सकाळी साडेदहाचा चहा आला तेव्हा समर्थ खरात हेमांगीताईंच्या टेबलावर खेळत होता. कप ठेवायला जागा हवी म्हणून त्यांनी त्याला हाताने जरा बाजूला सारायला पाहिलं, आणि हात त्याच्यातून आरपार गेला. रोज पाहूनही त्या रोज फसायच्या. वीतभर उंचीचा, प्रकाशाचा बनलेला तो समर्थ शांतपणे हॉकी स्टिक सावरत उभा राहिला, आणि निळ्या मैदानावरून एक प्रतिस्पर्धी त्याला वळसा घालून गोल करून गेला.

खरा समर्थ त्या वेळी खिडकीबाहेर, सरावानंतर विखुरलेले चेंडू गोळा करत होता. ते काम त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

लीगमधल्या प्रत्येक खेळाडूचा आता असा एक जुळा असे. बुटातले आणि स्टिकमधले संवेदक, छातीवरचा पट्टा आणि बोलणं टिपणारी गळ्याभोवतीची कंठपट्टी, यांनी दोन मोसम जमवलेली माहिती एकत्र केली की संगणकात तो खेळाडू उभा राही. मग त्याला हव्या त्या संघात घाला, तो खऱ्यासारखाच धावे, दमे आणि चुकेही. खेळाडूंची अदलाबदल करण्याआधी जुळे खेळवून बघणं म्हणजे लग्नाआधी पत्रिका बघण्यासारखं झालं होतं. फरक एवढाच, की ही पत्रिका बहुधा खरी निघे.

हेमांगी जाचक ज्या संघाच्या मुख्य प्रशिक्षक होत्या, त्याचं नाव 'पुणे पहारेकरी'. नाव एवढं भारदस्त, आणि मागच्या सात सामन्यांत बावीस गोल खाल्लेले. त्यातले बरेचसे समर्थच्या बाजूने झाले होते. नागपूरचा संघ त्याच्या बदल्यात आपला एक आघाडीचा खेळाडू द्यायला तयार होता. पुण्याच्या मालकांना हे पसंत होतं. संध्याकाळी पाचपर्यंत हेमांगीताईंचा अंगठा कराराच्या काचेवर टेकला, की एकवीस वर्षांचा समर्थ नागपूरचा होणार होता.

जुळे सांभाळणाऱ्या केतकी देवस्थळीने तीन हजार सामने खेळवून पाहिले होते. पुण्यात समर्थ असाच चाचपडत राहणार आणि पुढच्या मोसमात बाकावर बसणार. नागपुरात मात्र तो बहरणार. तिसऱ्या वर्षी त्याच्या दंडावर कर्णधाराची पट्टी.

हेमांगीताईंना आनंदही झाला आणि वाईटही वाटलं. दहिवडीच्या मुरमाड मैदानावर या पोराला त्यांनीच हेरलं होतं. पण कारण कळल्याशिवाय कागदाला हात लावायचा नाही, हा त्यांचा जुना खाक्या. पाय तेच, स्टिक तीच, मग तिकडे असं काय होतं जे इथे होत नव्हतं? त्यांनी केतकीला दोन्हीकडच्या जुळ्याची एकेक नोंद उघडायला लावली. धावण्याचा वेग सारखा निघाला, छातीचे ठोकेही सारखे. मग केतकी कंठपट्टीपाशी आली आणि थबकली. नागपूरचा जुळा एका सामन्यात सव्वाशे वेळा बोलत होता. पुण्याचा चार वेळा, आणि त्यातही दोनदा "सॉरी" म्हणाला होता.

नागपूरची बचावफळी कोवळी होती, गोलरक्षक तर अठराचा. पुण्यात समर्थ सोडला तर सगळे तिशीपुढचे. गोलरक्षक इरफान मुजावर अडतीस वर्षांचे.

हेमांगीताईंनी कपाळावर हात मारला. शेवटच्या फळीतल्या बचावपटूला अख्खं मैदान दिसतं. पुढच्याला डावीकडे सरक म्हणायचं, समोरच्या गर्दीत चेंडू दिसत नसलेल्या गोलरक्षकाला सावध करायचं, हे त्याचं निम्मं काम. आणि समर्थ तर थोरल्यांच्या पिशव्या उचलणारा, ते बसल्याशिवाय न बसणारा, सामन्याआधी इरफानभाईंच्या पाया पडणारा मुलगा. त्यांना तो हुकूम काय सोडणार? गंमत म्हणजे याच गुणांसाठी अख्ख्या संघाने दोन वर्षं त्याची पाठ थोपटली होती. त्यात त्या स्वतः सगळ्यात पुढे होत्या.

त्यांनी समर्थला आत बोलावून सरळ विचारलं, की समोरचा कुठे जाणार हे तुला दिसतं का. दिसतं म्हणाला.

"मग ओरडत का नाहीस?"

समर्थने मान खाली घातली. "भाई माझ्या चुलत्याएवढं हायेत, मॅडम. त्यांच्यावर कसं वरडू?"

हे इरफानभाईंच्या कानावर गेलं तेव्हा ते पोट धरून हसले. मग थोडे गंभीर झाले आणि त्यांनी काळी चिकटपट्टी मागवली. तीन वाजता ते आपल्या हेल्मेटची जाळी पट्टीने पूर्ण झाकून गोलात उभे राहिले. त्यांना काहीही दिसत नव्हतं. त्यांनी समर्थला डाव्या खांबापाशी उभं केलं आणि समोरच्या खेळाडूंना चेंडू मारायला सांगितलं.

पहिला चेंडू पायाच्या पॅडवर आदळला. दुसरा खांद्यावर. समर्थ घामाघूम होऊन धावत आला, लागलं का म्हणून विचारू लागला.

"माफी नंतर माग," झाकलेल्या हेल्मेटमधून आवाज आला. "आधी कुठून येतोय ते सांग. नाहीतर आज हा म्हातारा घरी जात नाही."

तिसरा चेंडू उजव्या खांद्याच्या रोखाने निघाला. ज्या आदरापोटी समर्थ दोन वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता, त्याच आदरापोटी आता त्याला गप्प राहवेना.

"भाई, उजवा हात!"

इरफानभाईंचा उजवा हात वर गेला आणि चेंडू बाहेर उडाला. समर्थ स्वतःच्याच आवाजाने दचकला. पण पुढचा चेंडू आलाच होता, दचकायला सवड नव्हती. वीस चेंडूंपैकी चौदा अडले. मग बाकीचे दोघे थोरले बचावपटू 'आमच्यावरही ओरड' म्हणत पुढे आले, आणि साडेचारपर्यंत मैदानावर असा काही गलका झाला की कँटीनची माणसं भांडण लागलं समजून बघायला आली.

हेमांगीताई खुशीत वर आल्या. केतकीने त्यांना जमिनीवर आणलं. एका दुपारच्या माहितीने जुळा बदलत नाही, त्याला निदान सहा सामने लागतात, असं ती म्हणाली. जुळ्याचं उत्तर अजूनही तेच होतं, नागपूर. हेमांगीताईंना ते खोटंही म्हणता येईना. एका दुपारच्या आरड्याओरड्यावर भुलून आपण या मुलाची कर्णधाराची पट्टी तर काढून घेत नाही ना, हा विचार त्यांचा पिच्छा सोडेना.

खेळाडूला स्वतःचा जुळा दाखवायचा नाही, असा संकेत होता. तो त्यांनी मोडला. समर्थने टेबलावरचा छोटा कर्णधार बराच वेळ पाहिला. पट्टी त्याला आवडल्याचं तोंडावर दिसत होतं. तुला काय वाटतं, असं त्यांनी विचारलं.

"तुम्ही म्हणाल तसं, मॅडम."

हेमांगीताईंना रागच आला. म्हणजे दुपार फुकट गेली म्हणायची. पाचला दोन मिनिटं होती. मुलाचं तिथे भलं होणार असेल तर आपल्या मायेने त्याला अडवू नये, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि अंगठा काचेकडे नेला.

"मॅडम, थांबा."

आवाज एवढा मोठा होता की केतकीच्या हातातला कप हिंदकळला. समर्थचे कान लाल झाले होते, पण मान वर होती.

"नका लावू अंगठा. ती पट्टी चांगली हाय, पण मला हितंच खेळायचंय. भाईंच्या म्होरं."

हेमांगीताईंनी हात मागे घेतला. समर्थच्या गळ्यात कंठपट्टी तशीच होती, आणि केतकीच्या पडद्यावरची त्याच्या आवाजाची हिरवी रेघ केव्हाच उंच उडाली होती. केतकीने जुळ्याच्या नोंदी पुन्हा एकदा चाळल्या. दोन्ही शहरांत, तीन हजार सामन्यांत, कुणा मोठ्या माणसाला थांबा म्हटल्याची नोंद एकही नव्हती.

पाच वाजून गेले. समर्थ उड्या मारत जिना उतरला आणि खाली मैदानावर इरफानभाईंना काहीतरी ओरडून सांगू लागला. हेमांगीताई खिडकीतून बघत हसत होत्या. मग हसता हसता त्या केतकीकडे वळल्या. मागच्या दोन मोसमांत जुळ्यांचं ऐकून त्यांनी अकरा जणांना निरोप दिला होता.

"केतकी," त्यांनी विचारलं, "त्या अकरांपैकी कुणाला आपण अंगठा लावण्याआधी एकदा तरी विचारलं होतं का गं?"