साळुंकीच्या अंड्याचा निळा

ताई लग्नाआधीच म्हणाली होती, "बाळ झालं ना, की सगळे पाळण्याभोवती. तुला कुत्रं विचारणार नाही. माणूस नीट बघून घे." मी हसण्यावारी नेलं. तिचं स्वतःचं बाळंतपण नुकतंच झालं होतं. वैतागली असेल, म्हटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तो भेटला. रंगाच्या दुकानात, कोपरापर्यंत पिवळा. मी संग्रहालयासाठी पक्ष्यांची प्लास्टरची अंडी रंगवायचे. खरी उजेडात फिकी पडतात.

"निळा हवाय."

"कुठला? आकाशी, मोरपंखी?"

"साळुंकीच्या अंड्याचा."

"मग तिलाच आणायचं ना!"

मी कापसातलं अंडं पुढे केलं... घरट्यात न उबता राहिलेलं. हात पुसून त्यानं ते खिडकीशी नेलं.

"सगळीच अशी निळी का नसतात हो?"

"ढोलीत घालणाऱ्यांची बहुतेक पांढरी. अंधारात लपायचं कुणापासून? टिटवी उघड्यावर घालते, म्हणून तिची मातकट, ठिपक्यांची. खड्यांत शोधून दाखवा!"

"साळुंकी तर भिंतीच्या भोकात घालते. मग निळी का?"

पकडलंच मला! "ते... अजून नक्की नाही. काहीजण म्हणतात, धडधाकट आईचा निळा गडद उतरतो. काहींना पटत नाही."

तो अंड्याकडे बघत राहिला. "हा जरा फिकाच आहे. मग — ती कशी आहे?"

"कोण?"

"ह्याची आई."

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

दुपारी दुकान बंद झाल्यावर आम्ही संग्रहालयाच्या गच्चीवर तिचं घरटं बघायला गेलो. साळुंकी कठड्यावरून आमच्यावर अशी काही तुटून पडली!

"भांडतेय," तो म्हणाला, "म्हणजे बरी आहे."

पुढे मला सारखाच निळा लागू लागला.

"आज कुठला पक्षी?"

"आज... नुसतीच आलेय."

त्याच्या हातातला डबा कलंडला. रंग पुसता पुसता लग्नाचं ठरलं.

आणि मग बाळ. दवाखान्याच्या खोलीत सगळे पाळण्याभोवती; नाक कुणाचं यावरून ताई आणि सासूबाईंची जुंपलेली. तो औषधं घेऊन आला, तो थेट माझ्याकडे.

"उशीर झाला. ओरड की!"

"जाऊ दे..."

त्यानं खिडकीचा पडदा सारला. माझे ओठ बघितले.

"आई, हिचा रंग असा नाही."

"अरे, दमलीय बाळंतीण."

"दमल्याचा रंग मला माहितीये. हा तो नाही."

तो धावतच डॉक्टरबाईंना घेऊन आला. पांघरुणाखाली रक्त वाहतच होतं. मला कळलंही नव्हतं. कुणी विचारलं असतं तर मी 'बरी आहे' म्हणाले असते.

रक्त चढवल्यावर डोळे उघडले. तो उशाशी.

"होतास कुठे इतका वेळ?" मी खेकसले.

तो हसला, आणि रडलाही. "भांडतेय..."

तुमच्या शेजारात, नात्यात कुणी नुकतीच बाळंत झालीय का? बाळ बघायला जाल, तेव्हा आधी पडदा सारा. तिच्याकडे बघा. 'बरी आहे' म्हणाली तरी बघा. आजच जाल ना?