टेपचं दुमडलेलं टोक

अठ्ठावन्न उलटली तरी त्यांना सगळे धाकटेच म्हणत. गॅरेज दोघा भावांचं, आणि गिऱ्हाइकांनी सोयीसाठी पाडलेली ती नावं: थोरले आणि धाकटे. थोरले जाऊन अकरा वर्षं झाली, पण म्हणून काही धाकट्यांना बढती मिळाली नाही.

वापरलेल्या आलिशान गाड्यांची वायरिंग हा धाकट्यांचा हातखंडा. अशी गाडी तिसऱ्या मालकाच्या दारात येते तेव्हा तिचा थाट उतरलेला असतो, नखरे मात्र शाबूत असतात. धाकट्यांना हे नखरे मनापासून आवडत. गाडी का रुसली हे कळल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे.

त्या दिवशी सकाळी दोरी बांधून ओढत आणलेली गाडी निवृत्त शिक्षिका असलेल्या बाईंची होती. काळी, लांबलचक, आत चामड्याच्या सीट.

"दोन महिन्यांत दोन नव्या बॅटऱ्या घातल्या, धाकटे. तरी दोन दिवसांआड ही मेलेली."

"बंद गाडीत कोण वीज खातंय ते बघू."

"बघूबिघू नका हो. उद्या सातला ह्यांचं डायलिसिस आहे. सोमवारचं हिच्यापायी चुकलं. ह्यांचे गुडघे वाकत नाहीत, लहान गाडीत बसवणं म्हणजे जिन्यावरून कपाट उतरवणं. म्हणून तर ही घेतली. पाय असे सुजलेत... डॉक्टर म्हणाले, आणखी एक चुकलं तर..." बाईंनी पदराने गाडीच्या काचेवरची धूळ पुसली.

"संध्याकाळी घेऊन जा," धाकटे म्हणाले. बोलून बसले, आता निभावणं आलं.

अशा गाडीचा दोष शोधायचा तर आधी तिला झोपवावं लागतं. धाकट्यांनी दार उघडं ठेवलं, पण कुलपाच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर फिरवून दार लागल्याचं तिला भासवलं. डिकीतली बॅटरी चार्ज करून तिच्या वाटेवर वीज मोजणारा मीटर लावला आणि स्टूल ओढून बसले. गाडीतले दिवे एकेक करून आपोआप मालवले. पाऊण तासाने काटा शून्याशी टेकला. गाडी गाढ झोपली. दुपारभर गॅरेजमध्ये पंख्याच्या कुरकुरीखेरीज आवाज नव्हता.

चार वाजले आणि काटा उठला. पाच अँपिअरवर जाऊन थांबला.

धाकट्यांच्या अंगात उत्साह संचारला. चोर सापडला म्हणायचा! ते एकेक फ्यूज उपसू लागले. रेडिओचा, काचांचा, दिव्यांचा. काटा ढिम्म. शेवटचा फ्यूज हातात आला, आणि काटा पाचावरच. सगळ्या वाटा बंद असताना वीज जात होती कुठून? कंपनीच्या कुठल्याही नकाशात नसलेल्या वाटेनेच.

ती वाट त्यांना हाताने सापडली. आत वाकताना आधारासाठी त्यांनी मागच्या डाव्या सीटवर तळवा टेकला. सीट गरम होती... कुणीतरी बराच वेळ बसून नुकतंच उठावं तशी. आणि कसलातरी वास येत होता, ओळखीचा, पण पटकन आठवेना.

त्यांनी सीट उचलली. सीट तापवणाऱ्या जाळीला एक जादा वायर जोडलेली होती. जोडावर काळी टेप, आणि टेपचं टोक त्रिकोणी दुमडलेलं. धाकटे तसेच गुडघ्यांवर बसून राहिले.

टेपचं टोक असं एकच माणूस दुमडायचा. "पुढच्या माणसाला नखाने उघडता आलं पाहिजे रे," थोरले म्हणायचे. दोघांचे वडील शिंपी. त्यामुळे थोरले सोल्डरचा डाग द्यायच्या आधी वायरींना दोरा गुंडाळत, दोऱ्याचं टोक तोंडात ओलं करून, डाव्या हाताने गाठ मारत. धाकटे हसायचे. "दादा, गाडी आहे ही, पायजमा नाही!" थोरल्यांच्या शेवटच्या दिवशीही धाकटे असेच हसले होते. तोंडात दातदुखीची लवंग धरून थोरले काही न बोलता निघून गेले, ते रात्री झोपेतच गेले.

लवंग. वास लवंगेचा होता.

धाकट्यांनी नखाने टेप उघडली. आत निळा दोरा, डावखुरी गाठ. ती त्यांना स्वतःला कधी जमली नव्हती, आणि थोरल्यांनी दुसऱ्या कुणाला शिकवली नव्हती. जुन्या गाडीत जुनं काम निघतं, त्यात काय एवढं, असं स्वतःला बजावत ते दाराच्या चौकटीवरची पट्टी वाचायला गेले. गाडी सात वर्षांपूर्वी बनलेली होती.

पळून जावं असं त्यांना वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर त्यांना त्या क्षणी भीतीपेक्षा उत्सुकताच जास्त होती, आणि उत्सुकतेपेक्षा भावाची आठवण. डोळे पुसून त्यांनी वायरचा माग धरला. ती गालिच्याखालून पुढे गेली होती. गालिचा उचलत उचलत ते पुढच्या डाव्या सीटखाली पोहोचले. तिथे बॅटरीपासून इंजिनाकडे जाणारी अंगठ्याएवढी केबल होती, आणि वायरचं दुसरं टोक तिलाच बांधलेलं होतं. त्याच गाठीने.

गाठीपासून बोटभर अंतरावर केबलची साल निघाली होती. आतलं तांबं लखलखत होतं. वर सीटच्या रुळाचा बोल्ट. मागे बसलेल्या नवऱ्याला पाय पसरता यावेत म्हणून बाई दरवेळी पुढची सीट सरकवत, आणि दरवेळी बोल्ट केबलला खरवडत होता. अजून दोन-चार खेपा, मग तांबं पत्र्याला लागलं असतं आणि चालत्या गाडीत, ज्याला स्वतःहून उतरता येत नाही अशा माणसाच्या पायांशी, आग...

बॅटरी मेली नसती तर हे कुणी उघडून पाहिलंच नसतं.

"दादा..." धाकटे पुटपुटले. पंखा तेवढा कुरकुरला.

त्यांनी केबल बदलली, तिच्यावर जाड नळी चढवली, बोल्ट उलटा बसवला. मग ते दोन्ही जोड सोडवले आणि निळा दोरा खिशात ठेवला. पुन्हा गाडी झोपवली. काटा शून्यावर गेला आणि तिथेच राहिला.

बाई सहाला आल्या. धाकट्यांनी त्यांना केबलचा खरवडलेला तुकडा दाखवला, दोऱ्याचं काही सांगितलं नाही. बाईंचा चेहरा पांढरा पडला.

"म्हणजे सोमवारी ही चालू झाली असती तर..."

"झाली नाही ना? सुटलो मग. आता बिनघोर न्या."

"धाकटे, माझा जीव थाऱ्यावर नाही. उद्या तुम्ही बरोबर याल?"

"व्हॅन घेऊन मागोमाग येतो. काही झालंच तर तुमच्या यजमानांना व्हॅनमध्ये आडवं घालून नेऊ. माझी व्हॅन वीस वर्षांत एकदाही रुसलेली नाही."

बाई गेल्या. मोठी गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली होती. कितीतरी दिवसांनी धाकट्यांना हलकं वाटलं. दादांनी एवढं काम केलं, आणि ते पुरं करायला आपल्याला बोलावलं, असं त्यांच्या मनात आलं. हसल्याबद्दल माफी मागायची राहिली होती, ती त्यांनी शटर ओढता ओढता मागून टाकली. मग व्हॅनमध्ये बसून किल्ली फिरवली.

काहीच झालं नाही. दिवा नाही, आवाज नाही.

सकाळीच तर व्यवस्थित आली होती. त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली. मग हळूच नाकाने श्वास घेतला.

लवंग.

धाकटे खाली उतरले, वाकले आणि स्वतःच्या सीटखालची चटई उचलली. बॅटरीच्या तारेला एक नवी वायर टेकवलेली होती. टेप अजून लावलेली नव्हती. निळा दोरा दोन वेढे घेऊन थांबला होता, गाठ अर्धीच मारलेली होती. त्यांनी खिसा चाचपला. खिसा रिकामा होता.

दादा काय सांगत होते? उद्या सातला बाईंनी निघायचं नाही, की आपण व्हॅन घेऊन मागोमाग जायचं नाही... की आणखीच काही? 

त्यांनी बोट पुढे केलं आणि दोऱ्याच्या लोंबत्या टोकाला लावलं.

टोक ओलं होतं.